टॉमच्या गॅरेजातला माझा पहारा

फजिती सांगायला बसलेच आहे, तर उशीपासून सुरू करते. सगळा घोटाळा त्या उशीने केला. माझी काहीच चूक नव्हती. बरं, थोडी होती. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

आम्ही तेव्हा लिमरिकच्या बाहेर एका खेड्यात राहायचो. हे तिथल्या औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. आता अशा माणसाने चारचौघांसारखी छोटी गाडी घ्यावी की नाही? पण यांना बागेचं वेड. शेणखत, माती, कुंड्या वाहायला म्हणून यांनी एक जुना डिझेल पिकअप घेतला. तो सुरू झाला की पलीकडच्या शेतातल्या गाई चरायचं थांबवून बघायच्या. घरात गाडी म्हणून तेवढीच. भाजी आणायला तीच, आणि कुणाच्या डोहाळजेवणाला पैठणी नेसून निघाले तरी तीच.

हे आठवडाभर जर्मनीला गेले होते. जाताना बजावलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी शॅननच्या विमानतळावर घ्यायला ये, आणि त्याआधी गाडीचं सर्व्हिसिंग करून घे. गावातल्या टॉमच्या गॅरेजात सकाळी सोडायची, चार वाजता परत आणायची. सोपं काम.

सोडायची? इथेच तर गाडं अडलं.

माझे वडील, अण्णा, इस्लामपूरला टेम्पो चालवायचे. एकदा मिस्त्री त्यांना म्हणाला, तुम्ही चहा घेऊन या, तोवर काम उरकतो. अण्णा चहा घेऊन आले, तर टेम्पोतला नवा नोझल गायब आणि त्या जागी कुणाचा तरी जुना! त्या एका चहाचं दुःख अण्णांनी वीस वर्षं केलं. आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी हे शिकवलं, की मिस्त्री गाडीत हात घालून आहे तोवर गाडीजवळून हलायचं नाही, आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय नवा बसला असं मानायचं नाही.

आता सांगा, अण्णांची लेक गाडी सोडून घरी येईल का?

शुक्रवारी सकाळी मी तयारीनिशी गेले. डबा, थर्मास, विणकाम, शाल, आणि कंबर धरते म्हणून ती उशी. सगळं एका मोठ्या बॅगेत भरलेलं. टॉम साठीच्या घरातला, लाल गालांचा, मवाळ माणूस. त्याने किल्ली घेतली आणि चार वाजता या म्हणाला. मी म्हटलं, मी बसते. तो म्हणाला, वेळ लागेल. मी म्हटलं, चालेल. मग मी कोपऱ्यातल्या जुन्या टायरवर उशी ठेवली, शाल गुंडाळली आणि बरोब्बर इंजिन दिसेल अशी बसले.

टॉमने माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे, मग उशीकडे. थोड्या वेळाने मागच्या दाराने आपल्या घरात गेला आणि बायकोला घेऊन आला.

ब्रीडा ही त्याची बायको. ऐसपैस बाई. सगळ्यांनाच ‘पेट’ म्हणून हाक मारते, म्हणजे आपण ‘बाळ’ म्हणतो ना, तसं. मला म्हणाली, आत चल, शेगडीपाशी बस, चहा टाकते. चहा! माझ्या डोळ्यांपुढे अण्णा उभे राहिले. मी म्हटलं, नको, मी इथून हलणार नाही. तिने पुन्हा आग्रह केला, मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी खालच्या उशीच्या कडा जरा घट्टच धरल्या असाव्यात. कारण ती एकदम खाली बसली आणि हळू आवाजात विचारायला लागली.

एक लक्षात घ्या, माझं इंग्रजी मॅट्रिकचं. प्रश्न सगळे कळतात, उत्तरं मात्र आखूड येतात. आणि मी खोटं बोलत नाही. तिने विचारलं, नवरा कुठे असतो? म्हटलं, बाहेरगावी, आज संध्याकाळी येणार. तो येणार म्हणून भीती वाटते का? आता शॅननच्या रस्त्यावर चार गोल चौक लागतात, त्यात कुणी आधी जायचं हे मला अजून कळलेलं नाही. मी खरं ते सांगितलं, “हो, थोडी वाटते.” इथे माहेरचं कुणी आहे का? नाही. मुलं? एकच मुलगा, डब्लिनला शिकतो. त्याला हे माहीत आहे का?

मला वाटलं, सर्व्हिसिंगबद्दल विचारते आहे. म्हटलं, “नाही, त्याला कशाला उगाच काळजी.”

ब्रीडाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, डिझेलच्या धुराने असेल.

मग काय, सरबराईच सुरू झाली. गरम सूप आलं. टॉमने आपला हीटर ओढून माझ्या पायांशी ठेवला आणि स्वतः थंडीत काम करत राहिला. ब्रीडाने केक आणला, लोकरीचे मोजे आणले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं! जो माणूस आपल्यासाठी कुडकुडतोय, त्याच्याच हाताकडे मी टक लावून बसले होते. तेलाचा फिल्टर निघाला, मोजला. डिझेलचा निघाला, मोजला. सूप पितानासुद्धा नजर काढली नाही हो.

दुपारी गावातल्या चर्चचे फादर आले. मला वाटलं, त्यांची गाडी बिघडली असेल. मी उठून आपली उशीवरची जागा देऊ केली. ते म्हणाले, बस, बस, आणि शेजारच्या टायरवर स्वतः बसले. हवापाण्याचं बोलले. मग विचारलं, तुझा नवरा दारू घेतो का?

मी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, की वर्षातून एकदा, ऑफिसच्या पार्टीला, एक ग्लास बिअर. मग गाणी म्हणतात. फादरांनी मान हलवली, जणू हे असंच असणार हे त्यांना ठाऊक होतं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, लिमरिकला चर्चच्या सिस्टर लोकांचं एक घर आहे. तिथे चार दिवस राहा. कुणी काही विचारणार नाही.

चार दिवस? मी कशाला राहू?

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बॅग. उशी. ‘मी इथून हलणार नाही.’ अहो, ही मंडळी समजत होती की मी घर सोडून आले आहे!

आता आली का पंचाईत? खरं सांगावं, तर ज्या टॉमने मला हीटर दिला त्याला तोंडावर चोर म्हणायचं. गप्प बसावं, तर आमचे हे, जे गोगलगायसुद्धा वाफ्यातून उचलून कुंपणापलीकडे अलगद ठेवतात, ते गावभर राक्षस ठरणार. मी टॉमकडे बघितलं. यांचा चेहरा आठवला. शेवटी नवऱ्याची अब्रू जड ठरली.

मी उभी राहिले आणि म्हटलं, “माझा नवरा फार चांगला आहे. मी इथे बसले, कारण मला वाटलं, टॉम गाडीतले चांगले पार्ट काढून घेईल.”

टॉमने पाना खाली ठेवला. माझे कान तापले. वाटलं, आता हा मला हाकलून देणार, आणि बरोबरच आहे.

ब्रीडा त्याच्याकडे वळून कुजबुजली, “बघितलंस टॉम? त्याला वाचवायला बिचारी काय काय रचते आहे.”

टॉम म्हणाला, “हो ना.” मग मला म्हणाला, “ग्रँड, पेट. तू म्हणशील ते ग्रँड.” इथे ‘ठीक आहे’ला ग्रँड म्हणतात.

आता याच्यावर काय बोलणार? मी जितकं पटवायला जावं, तितके ते माझ्याकडे मायेने बघत. मी अण्णांची गोष्ट सांगितली, नोझलची, चहाची. फादर म्हणाले, वडिलांची आठवण येणं साहजिक आहे.

चार वाजता गाडी तयार झाली. पण मला एकटीला विमानतळावर सोडतात होय? पुढे मी पिकअपमध्ये, मागे फादरांच्या छोट्या गाडीत फादर आणि ब्रीडा. ते मागे आहेत या धास्तीने मी चारही गोल चौक न थांबता पार केले.

आणि मग हे बाहेर आले. हातात बॅग, प्रवासाने थकलेले. समोर बघतात तो काय, बायको मधोमध उभी. एका बाजूला काळ्या कपड्यातले पाद्री, दुसऱ्या बाजूला रडवेली बाई. आणि बायकोच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

यांचा चेहरा पांढराफटक पडला. बॅग हातातून सुटली. हे पुढे आले, माझे दोन्ही हात धरले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. यांना वाटलं, आई गेली!

ब्रीडा डोळे पुसत म्हणाली, “माणूस मनाचा वाईट नाही.” फादरांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, चूक कळली की अर्धं काम झालं. हे म्हणाले, “थँक्यू, फादर.” काय कळलं होतं यांना? काही नाही. पण चांगल्या घरातला माणूस, थँक्यू म्हणाला.

घरी येताना मी सगळं सांगितलं. आधी ‘आई ठणठणीत आहेत’ हे सांगितलं, मग बाकीचं. हे म्हणाले, “म्हणजे टॉम चोर नाही हे तुला कळलं, आणि मी वाईट नवरा आहे हे गावाला कळलं.”

“मी सांगितलं त्यांना, तुम्ही चांगले आहात म्हणून.”

“मग?”

“पटलं नाही कुणाला.”

तेव्हापासून गावात मी बिचारी आणि हे सुधारलेले. दुकानात यांनी माझी पिशवी उचलली की बायका एकमेकींना कोपराने खुणावतात. पिकअपही आता हेच टॉमकडे नेतात आणि निमूट सोडून येतात. मी कधी गेले, तर ब्रीडा मला आत बसवते, किटली चढवते आणि दार लोटून विचारते, “आता काय केलं त्याने?” मी दर वेळी सांगते, काही नाही गं, फार चांगला आहे. मग तिचा चेहरा उतरतो.

परवा मात्र मी सांगितलं, की हे ओले टॉवेल पलंगावर टाकतात. काय करणार? तिने ताजा केक कापून ठेवला होता, आणि फुकट खायला मला बरं वाटेना.