औषधावरचा उतारा

नव्वदच्या दशकात शिरोळकडच्या आमच्या मळ्यात वांगी असायची. मी कोल्हापूरला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. काका सकाळपासून वांग्यांवर औषध मारत होता. किडीच्या विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात. पाठीवरचा पंप गळून त्याचा सदरा भिजला होता, तरी राहिलेल्या सऱ्या संपवूनच तो बांधावर आला आणि ओकू लागला.

काकी आणि मी धावलो. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं. शेजारचे म्हणाले, ऊन लागलंय, ताक पाजा. काकीनं ऐकलं नाही. सगळ्यांदेखत तिनं त्याचे कपडे उतरवले, मोटारीच्या पाण्याखाली बसवून साबणानं केसांपासून तळव्यांपर्यंत धुतलं. मग मला म्हणाली, "ती औषधाची बाटली घे. डॉक्टरला दावाय पायजे." शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही कोल्हापूरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचली, काकाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी उताऱ्याची इंजेक्शनं सुरू केली आणि स्टूल ओढून खाटेशीच बसल्या. इंजेक्शन द्यायचं, छाती ऐकायची, पुन्हा द्यायचं. छातीतली घरघर थांबेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

घरघर थांबली, पण काका बरळू लागला. चेहरा लालबुंद, आणि दोन्ही हात हवेत म्हशीचं दूध काढत होते. मी रडायलाच लागले. बाईंनी समजावलं, की हा उताऱ्याचाच अंमल आहे, धोतरा खाल्ल्यासारखा; औषध कमी केलं की ओसरेल. काकी त्याचा खांदा थोपटत म्हणाली, "सावकाश काढा. म्हस कुटं जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला ओळखलं. बाई काकीला म्हणाल्या, "अंगावरचं विष तुम्ही धुतलं नसतं, तर माझं औषध कमी पडलं असतं."

हे तिला कसं ठाऊक, असं मी विचारलं. भाकऱ्या थापताना ती रेडिओवर शेतीचा कार्यक्रम ऐकायची, त्यात सांगितलं होतं म्हणाली. कार्यक्रम घरातल्या सगळ्यांच्याच कानावर पडायचा. लक्षात एकटीनं ठेवलं होतं.

काका बरेच दिवस अशक्त होता. पुढं फवारणीच्या दिवशी काकी बांधावर जाऊन वारं बघायची, औषध अंगावर उडेल का ते. ती "आज नको" म्हणाली, की काका गुमान पंप खाली ठेवायचा.