एका ओळीचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्याचं बक्षीस मिळालं होतं आणि अड्याळजवळच्या माझ्या माहेरी त्या बक्षिसाचं कौतुक सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांना काय ठाऊक, याच अक्षरानं मी एका भल्या माणसाचं वाटोळं केलं. सांगतेच आता सगळं. बोलणं तिखट लागलं तर सोसून घ्या, मला गोड बोलता येत नाही. सासू हयातभर हेच म्हणायची.

मोहाडीहून आंधळगावकडे जाताना मध्येच आत वळलं की माझं सासर. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या माझ्या दारात मोर्चा यायचा. त्या वर्षी ग्रामपंचायतीत बाईसाठी जागा राखीव निघाली. फॉर्म नवऱ्यानं आणला, सही मी केली आणि निवडूनही आले. नवऱ्याला वाटलं होतं, बाई नुसती खुर्चीवर बसेल. पण ग्रामसेवकाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे, त्यामुळे ठराव लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते आणि गावाला एक छान सोय झाली होती. रस्ता नाही झाला? जिल्हा फुटला. फाईल सापडत नाही? जिल्हा फुटला, तिकडे गेली असेल. म्हैस आटली तरी जिल्हा फुटला. माझ्या नणंदेचं जमलेलं लग्न मोडलं, तेव्हा सासरे कपाळाला हात लावून म्हणाले, "जिल्हा फुटला ना बाप्पा, आता का होते!" मुलाला मुलगी पसंत नव्हती, पण ते कोण बोलणार?

तर आमच्या गावाला एक जुना तलाव आहे. त्याच्या पाण्यावर सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पिकतात. तलावातून पाणी सोडायची जी मोरी असते, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते तुडूम उघडायचं-लावायचं काम एका म्हाताऱ्याच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या होतं. कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी, हे तो ठरवायचा आणि कोणी हुज्जत घालत नसे. मळणी झाली की घरोघरून त्याला धान जायचं. नात्यानं तो आमचा कोणी नव्हता, पण गावची सून म्हणून मी त्याला मामाजी म्हणायची आणि त्याच्या बायकोला मामी.

त्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, मागच्या अंगानं पांढरी चिकट माती लागते. भिंत पोतारायला तिच्यासारखी माती पंचक्रोशीत नाही. दसरा जवळ आला की आमच्या मोहल्ल्यातल्या बाया धम्मचक्राच्या दिवसासाठी टोपली घेऊन जायच्या, आणि दिवाळी जवळ आली की बाकीचं गाव जायचं. देवळाची भिंत त्याच मातीची, आमच्या विहाराची त्याच मातीची, पंचायतीची जुनी इमारतही त्याच मातीची. एवढ्या एका बाबतीत गावात काही भेद नव्हता. किती वर्षं माती काढत होतो ते विचारू नका. पाळीच्या पोटात एवढी गुहा झाली होती, की उन्हाळ्यात शेळ्या सावलीला आत जाऊन बसत.

एक मेच्या ग्रामसभेत म्हातारा उठून उभा राहिला. असा तो कधी बोलत नसे. म्हणाला, "पाळीच्या मागून माती नका काढू जी. पाळ पोकळ होऊन राहिली. यंदा पाणी आलं तं टिकणार नाही."

कोणी काही बोलायच्या आत मी बोलले. मी म्हटलं, "मग भिंतीले काय दही फासू, मामाजी?"

सभा खो खो हसली. सरपंच हसले, ग्रामसेवक हसला. म्हातारा खाली बसला. ठरावाच्या वहीत मी त्याचं बोलणं लिहिलंच नाही, कारण विनोदाचं काय लिहायचं? विनोद माझा होता, हे मात्र दोन दिवस साऱ्या गावाला सांगत फिरले.

भादव्यात धानाचे रोवणे आटोपले होते, बांध्या हिरव्यागार झाल्या होत्या. चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी भर दुपारी पाळ फुटली, नेमकी जिथे शेळ्या बसायच्या तिथे. माणूस कोणी गेलं नाही, नशीब. पण खालच्या साऱ्या बांध्यांत रेती भरली आणि उरलेला धान पाण्याविना कसा निघणार, हा घोर लागला.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून साहेब आले. पाळ दुरुस्त करायची तर आधी कागद पाहिजे. पंचायतीच्या ओट्यावर गाव जमलं, साहेब भिंतीला टेकून बसले आणि मी कागद पुढ्यात घेतला. कागदावर एक रकाना होता, 'घटनेस जबाबदार व्यक्तीचे नाव व कारण'. रकाना एका ओळीचा.

कोणी म्हणालं, "पाऊस." साहेब म्हणाले, "पावसाची सही कुठून आणू?" कोणी म्हणालं, घुशींनी पाळ पोखरली. घुशींनाही सही येत नव्हती. मग आमचे रिटायर गुरुजी उठले. म्हणाले, "आधी इतिहास पाहिला पाहिजे. हा तलाव मालगुजारानं वेठीनं खोदून घेतला. वेठीच्या माणसानं माती मन लावून थोडीच दाबली असेल? दोष तिथून आहे!" सगळ्यांना पटलं. मालगुजार मरून गेलेला, त्याचे वारस नागपुरात, इतका सोयीचा आरोपी कुठे मिळतो? तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "पण गुरुजी, वेठीले कोणाचे आजे-पणजे होते?" गुरुजी खाली बसले. मग जिल्हा फुटल्याचं निघालं. साहेबांची बदलीही जिल्हा फुटल्यामुळेच झाली होती, त्यामुळे ते बरेच पाघळले, पण म्हणाले, "व्यक्ती पाहिजे, व्यक्ती!"

मातीचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. साहेब कंटाळून उठले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ पांढरी झाली होती. सरपंचांनी ती मोठ्या अदबीनं स्वतःच्या हातानं झटकली.

"तुडूम कोणाकडे असते?" असं मग कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मला आजही सांगता येत नाही, पण ते ऐकून ओट्यावरच्या सगळ्यांचा जीव कसा भांड्यात पडला, ते आठवतं. म्हातारा तिथे नव्हताच. तो तीन दिवसांपासून फुटलेल्या जागी तणसाचे पेंढे आणि पोती दाबत होता, तलावात राहिलेलं पाणी तरी वाचावं म्हणून. इकडे मी माझ्या सुरेख अक्षरात त्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'याने तुडूम वेळेवर न उघडता हलगर्जीपणा केल्यामुळे'. हलगर्जीपणा हा शब्द माझा. साहेब खुश झाले. म्हणाले, "बाई, तुम्ही तर कारकून व्हायला पाहिजे होतं." आणि मी लाजले!

तुडूम झडीच्या दुसऱ्या दिवसापासून सताड उघडं होतं. माझाच नवरा घरात कुरकुरत होता, "आपल्या बांधीत पाणी जास्त येऊन राहिलं." मला हे माहीत होतं. ओट्यावर बसलेल्या एकूण एक माणसाला माहीत होतं.

अंगठा आणायला मलाच पाठवलं. म्हाताऱ्याचं घर गावाच्या टोकाला. एरवी मी त्या घराला आळशी घर म्हणायची, कारण त्याची भिंत सणासुदीलाही काळपटच असे. त्या दिवशी तिच्यापुढे उभी राहिले आणि कागदाचं सोडून मामीला विचारलं, "भिंत अशी काहून, मामी?"

मामी म्हणाली, "बुढा पांढरी माती आणू देत नाही ना माय. म्हणते, थे पाळीची हाये, आपली नाही."

तेवढ्यात म्हातारा आला, चिखलानं माखलेला. म्हणाला, "काय लिवलं, वाचून दाखवा बाई." मी वाचून दाखवलं. हलगर्जीपणा हा शब्दही वाचला. त्यानं चिखलाचं बोट कागदाकडे केलं. मग म्हणाला, "मी एक मेले बोललो होतो. थे बी लिवलं का?"

"जागा नाही मामाजी," मी म्हणाले. "एकच ओळ हाये."

"मंग राहू द्या," तो म्हणाला आणि त्यानं अंगठा पुढे केला. चिखल मामीनं पदरानं पुसला आणि शाई मी लावली.

घरी येताना मला रडू आलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही. मला राग आला, आणि तोही त्याचाच. बोलला काहून नाही हा माणूस? भांडला काहून नाही? चार शिव्या देता तं मी कागद फाडला असता! असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. म्हणजे शेवटी तिथेही दोष त्याचाच.

तुडूम सरपंचाच्या साळ्याकडे गेलं. म्हाताऱ्याच्या घरी धान जायचं बंद झालं. तो मजुरीला जायला लागला. तलावाकडचा रस्ता त्यानं कायमचा सोडला, शेतात जायचं तरी लांबून वळसा घालायचा. त्याच्या नातवंडांना पोरं हलगर्जीवाले म्हणत. शब्द माझा होता, सांगितलंच. काही वर्षांनी तो गेला.

पाळ फुटली त्या वर्षीच्या दसऱ्याला बायांना माती खणावीही लागली नाही, फुटलेल्या पाळीत ती आयतीच उघडी पडली होती. मी मोहाडीच्या बाजारातून चुना आणला. सासू म्हणाली, "मेंबर झाली तं गावची माती घाण वाटाले लागली!" मी चुना कालवत राहिले. ही माझी बहादुरी.

आता अलीकडची गोष्ट. कसलीशी योजना आली आणि पंचायतीच्या नव्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवायचं ठरलं. नव्या ग्रामसेवकानं जुन्या वह्या आणि कागदांच्या नकला काढल्या. बाकी कोणाचं अक्षर लागेना, माझं मात्र लख्ख लागलं, त्यामुळे गावाचा इतिहास म्हणजे मी लिहिलं तेवढंच! सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पेंटरनं खडूनं आखून ठेवलेला मजकूर वाचून दाखवला आणि त्यात ती ओळ आली, म्हाताऱ्याच्या पूर्ण नावासकट. मामी मागे बायांत बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

मी उठले. म्हणाले, "हे खोटं आहे. तुडूम उघडं होतं. पाळीची माती आपण सगळ्यांनी नेली, मी पण नेली. मामाजींनी सांगितलं होतं, मी त्यांची थट्टा केली. आणि ही ओळ मी लिहिली."

काही जणांनी इकडेतिकडे पाहिलं, पण पाहायला आता मातीची भिंत गावात उरली कुठे? सगळीकडे सिमेंट आणि रंग. मग एक जण म्हणाला, "म्हणजे खोटं तुमी लिवलं?"

"हो."

आणि बाप्पा, काय सांगू! तोच सुटकेचा श्वास, जसाच्या तसा, इतक्या वर्षांनी. पाच मिनिटांत ठराव झाला. म्हाताऱ्याचं नाव काढायचं आणि लिहायचं, 'तत्कालीन महिला सदस्याने चुकीची नोंद केली'. मी म्हटलं, माझं नाव पूर्ण लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. पेंटरनं म्हाताऱ्याचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आता मातीचं पण लिही दादा. पाळ काहून फुटली, थे."

त्यानं खालची-वरची ओळ पाहिली, बोटानं मापली आणि म्हणाला, "जागा नाही ना बाई. एकच ओळ हाये."

मी वळून मागे पाहिलं. मामीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "राहू दे माय. माह्या बुढ्याले बी पुरली नव्हती."