चार बोल्ट

खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे टिचकी मिस्त्री म्हणत. कुठलाही ट्रक समोर आला की आधी हातोडीने तो चेसिसवर जागोजागी टिचक्या मारायचा आणि कान लावून ऐकायचा. ड्रायव्हर थट्टा करायचे, "मिस्त्री, मडकं घ्यायला आलात का?" तो हसायचा नाही. नऊ वर्षांपूर्वीच त्याचं हसू मावळलं होतं.

त्या साली त्याचे दाजी, धाकट्या बहिणीचा नवरा, दगड भरलेला ट्रक घेऊन खाणीच्या उतारावरून येत होते. एका वळणावर ट्रक वळलाच नाही. सरळ गेला, खाली. चौकशी झाली, कागद रंगले आणि 'चालकाला डुलकी लागली' असा निष्कर्ष निघाला. चौकशीत मिस्त्रीला विचारलं होतं, "गाडीत काही दोष?"

"माझ्या पाहण्यात नाही," तो म्हणाला होता.

पण पाहण्यात होता. आदल्याच दिवशी दाजींनी गाडी त्याच्याकडे आणली होती. "चाक उशिरा ऐकतंय रे," ते म्हणाले. स्टिअरिंगचा बॉक्स चेसिसला ज्या चार बोल्टांनी धरलेला असतो ते सैल झाले होते, आणि खालच्या बोल्टाच्या भोकापासून केसाएवढी एक रेघ वर गेली होती. रंग उडाला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरवडून बघायला दहा मिनिटं लागली असती, पण मागे पाच गाड्या उभ्या होत्या. त्याने बोल्ट आवळले आणि दाजींच्या पाठीवर थाप मारली. "जा बिनधास्त."

तेव्हापासून तो 'बिनधास्त' शब्द त्याच्या मानगुटीवर बसला. बसमध्ये तो ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचा आणि त्याच्या हातांवरची नजर काढायचा नाही. गाडीखाली पाठीवर झोपून काम करताना चाकाशेजारी त्याला दोन पाय दिसायचे. टाचेकडे झिजलेल्या तपकिरी चपला. दाजींच्या. सरपटत बाहेर यावं तर कोणी नसायचं. बायकोला त्याने हे कधी सांगितलं नाही. आपला नवरा दिवसाढवळ्या पुन्हा पुन्हा गाडीखालून बाहेर का येतो, हे वर्कशॉपमधल्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कंबर धरत असेल."

एके दिवशी जंगलातून ओंडके वाहणारा एक ठेकेदार हिरवा ट्रक घेऊन आला. गाडी जुनी, घेतलेली तिसऱ्या हाताची. चिखलासाठी त्याने पुरुषभर उंचीचे टायर बसवले होते. "एवढ्या टायरांनी स्टिअरिंग टिकायचं नाही म्हणतात सगळे. मजबूत करून द्या," तो म्हणाला.

मिस्त्रीने हातोडी उचलली. स्टिअरिंगच्या बॉक्सपाशी आवाज बद्द आला. त्याने रंग खरवडला. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा, खाणीचा पिवळा. त्याखाली कोणीतरी वेल्डिंग करून चिकटवलेली एक पट्टी. ती त्याने कापून काढली. खालच्या भोकापासून निघालेली ती रेघ आता बोट जाईल एवढी फाटलेली होती. दाजींचाच ट्रक, उतारावरून वर ओढून विकलेला, कोणीतरी पुन्हा उभा केलेला.

चार दिवस त्याने त्या गाडीला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, कडा घासून खोल वेल्ड भरला. दोन्ही बाजूंनी जाड पत्रे चढवले. बोल्ट आवळताना चेसिस चेपू नये म्हणून भोकांतून आरपार नळ्या बसवल्या. बॉक्सपासून चेसिसच्या पलीकडच्या बाजूपर्यंत आडवा आधार दिला, चाकाकडे जाणारा दांडा बदलून जाड घातला. चारही दिवस चपला शेजारी उभ्या होत्या. शेवटी न राहवून तो गाडीखालूनच बोलला, "दाजी, आता धरेल." चपला हलल्या नाहीत.

भरल्या ट्रकची चाचणी त्याने स्वतः घेतली. खाचखळग्यांतून चाक हातासरशी ऐकत होतं. आणि त्याला हुंदका आवरेना, कारण हे काम चारच दिवसांचं होतं.

तिथून तो थेट बहिणीकडे गेला. ती मशीनवर गणवेश शिवत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळीही ते म्हणाले होते, चाकाचा भरवसा वाटत नाही, आज जात नाही. मीच म्हटलं, दादाने बघितलंय ना? मग कसली भीती?"

मग तिने पदराने तोंड पुसलं. "चल. ज्यांनी ती डुलकी लिहिली त्यांच्याकडे चल."

खाणीच्या कार्यालयातला साहेब वैतागला. "मिस्त्री, नऊ वर्षांचं मढं आता कशाला उकरताय?"

"मढं आमच्या घरचं आहे, साहेब," बहीण म्हणाली. "तुम्ही फक्त लिहा."

तीन हेलपाटे झाले, पण लिहिलं गेलं: चेसिसला तडा होता, दुरुस्ती अपुरी होती, चालकाचा दोष नाही. खाली मिस्त्रीची सही. दुसऱ्या आठवड्यात त्याची नोकरी गेली. ठेकेदाराने आपल्या लाकडाच्या वखारीत त्याला जागा दिली, आणि कागद होईपर्यंत त्याच्यासोबत फिरलेल्या बहिणीने पुढे दोन महिने त्याचं तोंड पाहिलं नाही.

कागदाची प्रत हातात आली तेव्हा मात्र तिने निरोप धाडला. तो गेला तर दाजींची आई खाटेवर बसलेली. माझं लेकरू झोपणाऱ्यातलं नव्हतं, असं नऊ वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली होती, आणि लोक 'हो आजी' म्हणून पुढे जात. सुनेने कागद वाचून दाखवला. म्हातारीने तो पुन्हा वाचायला लावला. मग उंबऱ्यात उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे बघितलं.

"हे तू लिहून दिलंस?"

"हो, आई."

"तेव्हा का नाही दिलंस?"

म्हातारी सुनेला म्हणाली, "त्याला बसायला दे." मग भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली आणि तो जाईपर्यंत वळली नाही.