पाठीवरची तिसरी पट्टी

सकाळी दहा वाजता मास्तरांची मुलगी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, शर्ट काढता का?"

साठीच्या माणसाला हा प्रश्न सहसा डॉक्टर विचारतात. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं, काय प्रकार आहे ते ओळखलं आणि म्हणाली, "काढा की. इतकी वर्षं मीच बघतेय, आता दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

गिटार बनवणाऱ्यांत त्याला सगळे नकाशा म्हणत. गिटारच्या वरच्या फळीला आतून सात बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, पंख्याच्या काड्यांसारख्या. बाहेरून त्या दिसत नाहीत, पण गिटारचा आवाज त्यांच्याच ताब्यात असतो. ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या मास्तरांच्या पट्ट्यांची ठेवण त्यांची स्वतःची होती आणि ती नकाशाच्या पाठीवर गोंदलेली होती. पूर्ण मापात. लहान मापात गोंदवणं त्याला तेव्हा भित्रेपणाचं वाटलं होतं.

मास्तरांच्या कारखान्यात गोंदवून घेण्याचं वेड सगळ्यांनाच होतं. पॉलिशवाल्याच्या दोन बोटांवर दोन ठिपके होते, गिटारच्या मानेवर बाराव्या पडद्यापाशी असतात तसे. तार तिथे बरोबर अर्धी होते, आणि त्याने दारू अर्ध्यावर आणली त्या दिवशी ते गोंदवले होते. पुढे दारू पुन्हा पूर्ण झाली, ठिपके राहिले. मान घडवणाऱ्या जाड्याने अंगठ्यावर निळी रेघ काढून घेतली होती, पटाशीने हिच्यापुढे यायचं नाही म्हणून. पटाशीने ती रेघ शेवटपर्यंत पाळली आणि शेजारच्या बोटात घुसली.

या मंडळींत नकाशाचं गोंदण सगळ्यात मोठं आणि सगळ्यात भक्तिभावाचं होतं. निदान दिसायला.

"थोडे वाका," मुलगी म्हणाली. तिने पाठीवर कागद पसरला. बायकोने वरची कड धरली. "बाबांची शेवटची गिटार अर्धवट राहिलीय. बाजूची कूस वाकवून ठेवलीय, मान तयार आहे, फक्त वरची फळी बाकी आहे. आणि पट्ट्यांचा साचा काढायला गेले तर वाळवीने खाल्लेला. भिंतीवर नुसता खिळा."

"दुसऱ्या एखाद्या गिटारीत बघायचं."

"कुठे आहेत? घेणारे परगावी गेले. काही तर परलोकी."

पेन्सिल पाठीवरून फिरू लागली.

"हा पंखा जरा फाकलाय हो," बायको म्हणाली. "लग्नात एवढा नव्हता."

"फळीच्या घेराचं माप आहे माझ्याकडे, मावशी. प्रमाणात बसवता येईल."

पहिली पट्टी झाली. दुसरी झाली.

आता बोलायला हवं होतं. सव्विसाव्या वर्षी, गोंदवायला जायच्या आदल्या दिवशी, साच्यावरून कागदावर नक्षा उतरवून घेताना त्याला वाटलं होतं की तिसरी पट्टी, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या जरा जवळ घेतली तर आवाज भरदार होईल. बोटभर. मास्तरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. लाकडावर केलं असतं तर काढून परत चिकटवता आलं असतं. त्याने ते कातडीवर केलं.

गोंदवून आल्यावर सगळ्यांसमोर शर्ट काढला. मास्तरांनी चष्मा लावला, जवळ आले, पाठीवरून नख फिरवलं. तिसऱ्या पट्टीपाशी नख थांबलं. मग म्हणाले, "शाई चांगली आहे," आणि आपल्या बाकाकडे गेले. त्या दिवसापासून त्याला वरच्या फळीचं काम मिळालं नाही. जाड्याच्या शेजारी बसवलं. चार वर्षं नुसत्या माना तासल्या. मग त्याने कारखाना सोडला आणि स्वतःचा थाटला. मास्तरांना शेवटचा खांदा द्यायलाही तो पुढे झाला नाही, गर्दीत मागे उभा राहिला.

पेन्सिल तिसऱ्या पट्टीवर आली.

"थांब," तो म्हणाला. "ती चुकीची आहे. मी सरकवलीय ती."

पेन्सिल थांबली. "माहीत आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही सांगता का, तेच बघत होते."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनीच. जेवताना म्हणायचे, पठ्ठ्याने तिसरी पट्टी सरकवलीय, का सरकवली ते आपणहून सांगायला येईल. चार वर्षं वाट बघितली त्यांनी."

"मला वाटलं, ते रागावलेत."

"रागावलेच होते. वाटही बघत होते. दोन्ही कामं एकदम जमायची त्यांना."

बायकोने कागदाची सुटलेली कड पुन्हा दाबून धरली.

मुलीने तिसरी सोडून उरलेल्या चार पट्ट्या उतरवल्या आणि कागद काढून टेबलावर पसरला. सहा रेघा आणि मधे एक रिकामी जागा. तिने पेन्सिल त्याच्या हातात दिली. "आता मूळची कुठे होती ती दाखवा."

हे सोपं होतं. तो साचा त्याने शेकडो वेळा फळीवर ठेवला होता. त्याने डोळे मिटले आणि हाताला जाऊ दिलं. रेघ ओढली. डोळे उघडून पाहिलं तर त्याचीच पट्टी, बोटभर सरकलेली. खोडलं. पुन्हा ओढली. पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी त्याने मुद्दाम हात दूर नेला, पण तो नुसता अंदाज होता आणि हे दोघांनाही कळत होतं. स्वतःच्या कारखान्यात तीस वर्षं तो आपल्याच पद्धतीने पट्टी लावत आला होता. मास्तरांची पट्टी त्याच्या हातातून केव्हाच निघून गेली होती, आणि ती घालवायला वाळवीची गरज पडली नव्हती.

"नाही आठवत," तो म्हणाला. मास्तरांनी ते एका शब्दात सांगितलं असतं. त्यांना विचारायला चार वर्षं मिळाली होती, आणि त्यानंतर आणखी तीस.

मुलीने कागद गुंडाळला. दाराशी जाऊन थांबली. "माना तासायचं तुमचं बाक कुठे होतं हो? बाबांच्या मागेच ना?"

"पाठीला पाठ."

"मग ते फळीवर टकटक करून बघायचे, ते रोज ऐकू येत असेल."

येत होतं. पट्टी तासायची, बोटाच्या पेराने ठोकायचं, पुन्हा तासायचं. शेवटी एक गोल, खोल आवाज यायचा आणि मास्तर पटाशी खाली ठेवायचे. चार वर्षं माना तासताना त्याने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. शिक्षाच होती ती.

"आवाज आठवतो," तो म्हणाला.

"मग उद्या या. मी पट्टी सरकवत, ठोकत जाईन, तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसा. तो आवाज आला की सांगा." ती पायरी उतरली आणि वळून म्हणाली, "या वेळी सांगा मात्र."

ती गेली. तो टेबलापाशी तसाच बसून राहिला आणि बोटाच्या पेराने टेबलावर ठोकून पाहू लागला, हलकेच, एकदा इथे, एकदा तिथे.

"ते टेबल आहे," बायको म्हणाली. "आणि शर्ट घाला आता, पाठ थंड पडली असेल."