काठावरची नजर

आमच्या गॅलरीतून शेजारच्या बंगल्यातला पोहायचा तलाव दिसतो. कपडे वाळत घालताना ते निळं पाणी बघून रोज माझा जळफळाट होतो. आमच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि यांना घरच्या घरी डुंबायला एवढं पाणी!

आज त्यांची छोटी पाण्यात उतरली. आई काठावर पाय सोडून बसली. त्यांच्या घरात फोन वाजत राहिला. तिच्या सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, तुझाच आहे, उचल की!" ती मान न वळवता म्हणाली, "वाजू दे. पोरगी पाण्यात आहे." पोर बाहेर आल्यावर तिने तरंगणारा चेंडूही काढून घेतला, तलावाभोवतीच्या कुंपणाचं फाटक लावलं आणि कडी ओढून पाहिली.

मला लहानपणीची आमची विहीर आठवली. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून मला पाण्यात सोडलं आणि स्वतः बांधावर गप्पा मारत बसले. प्रत्येक गटांगळीनंतर मी वर बघायची. वर नुसतं आभाळ असायचं.

तलाव त्यांचा त्यांना लखलाभ. मी जळते त्या पोरीवर. पोहताना तिला एकदाही काठाकडे बघावं लागलं नाही.