राघूची ओ

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला आमची खोली होती. दाराबाहेर वाशाला राघूचा पिंजरा टांगलेला असे. त्याला बोलायला शिकवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. तो मिरच्या खायचा, किंचाळायचा आणि आईकडे मान वाकडी करून बघत बसायचा.

त्याला मी शिकवायला घेतलं त्याला कारण होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर होते आणि पाळी सुटली की परस्पर सभेला जायचे. लाठीमाराच्या बातम्या रोजच्या. आई तोंडानं काही म्हणायची नाही, पण आबा दिसेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. शेवटी आबांनीच तोड काढली. साच्यांच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही म्हणून तिथली माणसं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारतात. तशी शिट्टी ते नाक्यावरून मारणार आणि मगच सभेला जाणार. पण आईला ती ऐकू आली हे त्यांना कसं कळावं? गॅलरीत उभं राहून, रस्त्यातल्या नवऱ्याला मोठ्यानं हाक मारणं आईच्या कल्पनेतही बसत नव्हतं. ती आबांशी बोलायची तीही भिंतीकडे तोंड करून. तेव्हा तिच्या वतीनं राघूनं ओ द्यावी, असं माझ्या डोक्यात आलं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे प्रत्येक अडचणीवर पुस्तक असणार अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पाळीव पक्ष्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक लायब्ररीत सापडलंही. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते वाचलं. सोबती नजरेआड झाला की पोपट हाक मारून त्याचा शोध घेतो आणि उत्तर आलं की शांत होतो, असं त्यात होतं. आपण आडून एकच ठरावीक हाक द्यायची, त्यानं तशी ओ दिली की लगेच समोर येऊन खाऊ द्यायचा. आणि सराव रोज एकाच वेळी करायचा.

पहिली अडचण अशी की मला शिट्टीच येत नव्हती. फक्त थुंकी उडायची.

"एवढंही शिकवत नाहीत व्हय कॉलेजात?" आबा म्हणाले आणि माझी बोटं धरून त्यांनी ती नीट जिभेखाली बसवली.

मग मी रोज जिन्यात लपून शिट्टी मारू लागलो. एक लांब, एक आखूड. शेजारच्या मालवणी काकी पाण्याची कळशी घेऊन जाताना थांबायच्या. "मेल्या, तू कॉलेजात जातस की राघूक शिकवतस?" महिना उलटला तरी राघू ढिम्म. एके दिवशी मात्र पिंजऱ्यातून अगदी तशीच शिट्टी आली. एक लांब, एक आखूड. मी भिजवलेल्या डाळीची वाटी घेऊन इतका जोरात धावलो की निम्मी डाळ वाटेतच सांडली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. साडेतीनला गिरणीचा भोंगा होई, थोड्या वेळानं नाक्यावरून आबांची शिट्टी येई आणि राघू वरून ओ देई. आई चुलीपाशी बसल्या जागी एक निःश्वास सोडी आणि आपलं ताट वाढून घेई. मला फार अभिमान वाटायचा. कॉलेजातल्या इंग्रजीचा घरात झालेला तो पहिला उपयोग.

मग हरताळाचा एक दिवस आला. गिरण्या बंद. आबा सकाळीच मोर्चाला निघाले. चपला घालताना म्हणाले, "रस्ता अडवला तर मी नाक्यावरनं शिट्टी देईन. राघूनं ओ दिली तर समजेन घरी सगळं ठीक आहे, मग परळला थोरल्या भावाकडे थांबेन. ओ नाही आली तर कसाही घुसेन आत."

दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभे राहिले. आतला माणूस बाहेर जाईना, बाहेरचा आत येईना. आम्ही गॅलरीत उभे होतो. तीनच्या सुमाराला शिट्टी आली. नाक्यापलीकडच्या घोळक्यात आबांची पांढरी टोपी मला दिसली.

राघूनं पंखातली पिसं साफ करायला घेतली.

पुन्हा शिट्टी. मी पिंजऱ्यापुढे मिरची धरली, डाळ धरली, हात जोडले. शेवटी मीच तोंडात बोटं घातली, पण ओठ कोरडे पडले होते, नुसती हवा निघाली. तिसऱ्या शिट्टीनंतर पांढरी टोपी घोळक्यातून पुढे सरकली. एका शिपायानं काठी आडवी धरली.

तेवढ्यात माझ्या कानाशी असा आवाज झाला की मी दचकलो.

"अहो! आम्ही बरे आहोत! येऊ नका! भाऊजींकडे जा नि जेवून घ्या!"

आई कठड्यावर ओणवी झाली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. सगळ्या गॅलऱ्या आमच्याकडे वळल्या. टोपी थांबली. आबांनी हात वर केला आणि ते परळच्या दिशेनं वळले.

आई आत जाऊन पाणी प्यायली. काकी दारात येऊन म्हणाल्या, "इतकी वर्सा ह्यो आवाज खंय होतो गो तुझो?" आईनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी मी मुद्दाम पिंजऱ्यापाशी थांबलो. भोंगा झाला आणि आबा फाटकाबाहेरही पडले नसतील, तोच राघूनं शिट्टी वाजवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. 'रोज एकाच वेळी' हे मी अक्षरशः पाळलं होतं, आणि आमच्या घरात ठरावीक वेळ म्हणजे भोंग्याची. मी कॉलेजातून आलो की भोंगा होईपर्यंत थांबायचो, मगच सराव. त्या बिचाऱ्यानं भोंग्याला ओ द्यायचं शिकून घेतलं होतं, आणि हरताळाला भोंगाच झाला नव्हता. एरवी भोंग्यानंतर तो थांबून थांबून शिट्टी घालत राही, त्यातली आबांच्या शिट्टीमागून येणारी तेवढी आम्ही ओ धरत होतो. रविवारी भोंगा नसे, पण आबाही घरीच असत, त्यामुळे हे कधी उघडकीस आलं नाही. मी आबांना खाली मान घालून सांगितलं. ते नुसतं "असू दे" म्हणाले.

मी पुढे भोंग्याशिवायचा सराव सुरू केला, पण त्याची तशी गरज उरली नव्हती. नाक्यावरून शिट्टी आली की आई आता स्वतःच गॅलरीत जायची आणि "अहो!" म्हणायची. पहिल्यांदा हळू, पुढे चांगलं खणखणीत. दोनेक महिन्यांनी एका दुपारी ती नळावर गेलेली असताना शिट्टी आली, आणि पिंजऱ्यातून आईच्याच आवाजात उत्तर गेलं, "अहो!" सगळी चाळ हसली. खाली नळावर आई पदरात तोंड लपवून हसत होती.

आबांनी वर पाहिलं, पण गॅलरीत आई दिसेना, म्हणून ते हलले नाहीत. आई कळशी घेऊन नळाच्या आडोशातून पुढे आली, तिनं मान हलवली, तेव्हा कुठे ते सभेला गेले.