टेपखालची रेघ

आमच्या सुतारकामाच्या कारखान्यातलं सगळ्यांत जुनं यंत्र म्हणजे आत्या, असं बाबा म्हणतात. अर्थात ती ऐकत नसेल तेव्हाच! आत्या त्यांची थोरली बहीण. तिचं काम एकच, टेबलं साफ ठेवणं. सुकलेला गोंद, टेपचा चिकटा, लेबलांचे तुकडे, रबर सोल्यूशनचे काळे डाग. पाठ नसलेल्या एका स्टुलावर बसून ती तीस वर्षं हेच करत आली आहे.

यात काय एवढं, असं मला वाटायचं. मी पॉलिश करते, त्यामुळे स्वतःला मोठी कलावंत समजते. एकदा मीच पटाशीने टेप खरवडायला गेले आणि टेबलाचाच टवका उडवला. आत्याने पटाशी माझ्या हातातून काढून घेतली.

"आधी बोटाने चोळून बघ. मग ऊब दे. मग तेल लाव आणि गप्प बस. घाई केलीस की लाकूड जातं आणि चिकटा तिथेच राहतो."

गप्प बसणं मला आजतागायत जमलेलं नाही.

तर झालं असं, की गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आल्या. त्यांच्या वाचनकक्षातल्या सगळ्या खुर्च्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, केलेल्या. छत गळून त्या कुजल्या, एकही उरली नाही. बाईंना तशाच वीस खुर्च्या हव्या होत्या. "दिवसभर बसलं तरी पाठ कुरकुरत नसे," त्या म्हणाल्या. बाबांनी एकामागून एक तीन नमुने केले. बाई बसायच्या, जराशा हलायच्या आणि उठायच्या. "छान आहे हो. पण ती नव्हे."

तिसऱ्या वेळी त्यांनी स्पष्टच सांगितलं, "परवा दुपारी शेवटची बघते. नाहीतर तयार खुर्च्या मागवते."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. काम गेल्याचं दुःख होतंच, पण वडिलांची खुर्ची मुलाला साधत नाही, हे त्यांना जास्त लागलं होतं. ते जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या हात पुसत पुसत म्हणाली, "अण्णांनी पाठीचा वाक आखून ठेवलाय की! मागच्या टेबलावर. पुसला जाऊ नये म्हणून मीच त्यावर टेप चिकटवली होती."

"ताई! हे तू आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कधी, बाळ्या? तुझी सगळी मापं कॉम्प्युटरवर!"

आम्ही मागच्या टेबलाकडे धावलोच. बघतो तर काय, एक कोपरा म्हणजे नुसता खपलीसारखा थर! टेपवर गोंद, गोंदावर कागद, त्यावर सोल्यूशन, त्यावर आणखी टेप. तीस वर्षांत आम्ही जे जे सांडलं ते सगळं तिथे. रेघ जाऊ नये म्हणून आत्याने तेवढा कोपरा कधी साफ केलाच नव्हता. बाबांनी थिनरची बाटली उचलली.

"खबरदार!" आत्या एवढ्या जोरात ओरडली, की मीच दचकले. "थिनरने टेप विरघळेल आणि रेघ त्यात कालवली जाईल. ठेव ती खाली!"

बाबांनी बाटली ठेवली. पन्नाशीचा माणूस, पण ताईपुढे अगदी शाळकरी पोरगा.

आत्याने कामाला हात घातला. वरचा गोंद कोमट पाण्याच्या फडक्याखाली मऊ केला. सोल्यूशन अंगठ्याने चोळून त्याच्या वळ्या काढल्या. लेबलांवर स्वयंपाकघरातलं तेल लावलं आणि स्टुलावर हात बांधून बसली. बाबा येरझाऱ्या घालत होते. "झालं का?" "नाही." "आता?" "बाळ्या, बाहेर जा." मला हसू आवरेना!

दुपारी खालची मूळची टेप दिसली. खाकी, रुंद, शेजारी शेजारी तीन पट्ट्या, कडा एकमेकींवर चढलेल्या. आत्याने तेल टिपून घेतलं. मी हेअर ड्रायर धरला. तिने जुन्या प्लास्टिक कार्डाची कड आत सरकवली आणि तिन्ही पट्ट्या एकदम, बोटभर बोटभर, उचलत नेल्या.

टेप निघाली. खाली लाकूड होतं. स्वच्छ, कोरं. रेघ नव्हती.

बाबा मटकन खाली बसले. आत्याने पुसला जाऊ नये म्हणून टेप लावली, आणि त्याच टेपने वाक ओढून नेला! तीस वर्षं टेपची जात ओळखणाऱ्या बाईने ही चूक केली होती, आणि तिचा चेहरा बघवेना. सवयीने ती टेपचा बोळा करायला मूठ आवळू लागली.

आणि थांबली. टेप हळूच उलटी करून तिने टेबलावर पसरली. चिकट बाजू वर.

"अगं बाई! बाळ्या, बघ! बघ ना!"

चिकट्यात पेन्सिलची रेघ होती. फिकट, उलटी, पण अख्खी! बाबा फडकं घेऊन टेपवरची धूळ झटकायला आले, तशी आत्या मध्ये आडवी आली. "हात लावू नकोस! हा चिकटा पुसायचा नाही!" तिच्या तोंडून हे वाक्य! मी आनंदाने उड्याच मारायला लागले. बाबांनी टेपच्या वर, न टेकवता, काच धरली, काचेवर रेघ गिरवली, काच उलटवली आणि वाक सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथपालबाई बाबांनी रात्रभर जागून त्या वाकावर केलेल्या खुर्चीत बसल्या. हलल्या नाहीत. डोळे मिटून म्हणाल्या, "हीच ती! तुमच्या वडिलांनी हे माप आणलं तरी कुठून?"

"वडिलांची कल्पना," बाबा अभिमानाने म्हणाले.

"कल्पना कसली," आत्या म्हणाली. "माझी पाठ आहे ती. अण्णांनी लवचिक पट्टी पाठीला लावून वाक घेतला. मी विशीतली, सारखी हसत होते. दोनदा ओरडले मला."

एवढ्या वर्षांत हे बाबांना ठाऊकच नव्हतं. बाई गेल्यावर त्यांनी ते बिनपाठीचं स्टूल दाराबाहेर ठेवलं आणि खुर्ची आत्याच्या टेबलाशी आणली.

"ताई, बस."

आत्या बसली. तिची पाठ आता बरीच वाकली आहे, त्यामुळे मागे टेकायला तिला जरा वेळ लागला. मग टेकली.